वीतभर चिलापी

“एवढी लेकरं कुणाच्या पाण्यात बघितलीयस का, सूनबाई?”

मामांनी पेंडीची मूठ जुन्या दगडखाणीत फेकली आणि पाणी उकळायला लागलं. खरंच, उकळल्यासारखंच दिसायचं ते. या काठापासून पार पलीकडच्या कपारीपर्यंत मासळीच मासळी, सगळी चिलापी. एकमेकींच्या अंगावर चढून, तोंडं वर काढून पेंड मागणाऱ्या. आणि प्रत्येकीचा आकार माझ्या बोटाएवढा. त्याहून मोठी एक दाखवा म्हटलं तर सापडायची नाही.

“लेकरं लई हायती, मामा,” मी म्हटलं. “पण मोठी कधी व्हायची?”

“व्हतील की. घाई काय?”

घाई मला होती. घाईने माझा जीव चालला होता, पण ते सासऱ्याच्या तोंडावर बोलायचं कसं?

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्यात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. आम्ही भोई, मासे धरणारी माणसं, आणि घर धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. मामांना चार मुलगे, चौघांच्या चार बायका, त्यांची पोरंटोरं, शिवाय पाहुणा म्हणून आलेला आणि परत जायचं विसरलेला कुणीतरी कायम असायचाच. आणि एवढ्या माणसांना खोल्या तीन. मी सगळ्यात धाकटी सून, पण तोंडाने सगळ्यात थोरली. हे मी म्हणत नाही, माझ्या जावा म्हणतात.

त्या घरात आंघोळीला नंबर, आरशाला नंबर, चुलीपुढं बसायलाही नंबर. जेवणाची पंगत दोनदा बसायची आणि दुसऱ्या पंगतीला कालवणाचं नुसतं पाणी उरायचं. नवरा-बायकोच्या प्रेमाचं राहू द्या, आम्हाला भांडायलासुद्धा जागा नव्हती. भांडण अगदी तोंडाशी आलं की आमचे मालक म्हणायचे, “चल, जाळं बघून येऊ,” आणि आम्ही नावेत बसून फुगवट्याच्या मध्यावर जाऊन भांडायचो. तिथं कसं, मोकळ्या आवाजात भांडता यायचं. परत आलो की सगळे विचारायचे, “काय घावलं?” काय घावणार, डोंबल!

तर आम्हा दोघांच्या मनात एक खानावळ होती. हायवेच्या फाट्यावर एक पत्र्याची खोली रिकामी पडली होती, दोन ट्रक उभे राहतील एवढी पुढं जागा. मालक मासे आणणार, मी रांधणार. माझ्या हाताला चव आहे, यात मी कुणाची भीड ठेवत नाही. माझं कालवण खाऊन शेजारच्या गावचा पाटील वाटी चाटताना मी स्वतः बघितलाय. पण घरातून कुणी बाहेर पडायचं म्हणजे मामांच्या लेखी घर फुटलं. आणि घर फुटणं हा शब्दसुद्धा त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती.

आदल्या दसऱ्याला मालकांनी हिंमत केली. सोनं दिलं, पाया पडले आणि त्याच वाकलेल्या कमरेने खानावळीचं बोलून टाकलं. पंगत बसली होती. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

मामांनी आपला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, “खानावळ काढशील, पर मासा कुठला? फुगवट्यातला समदा व्यापाऱ्याला बांधलेला. आधी ह्या खाणीतला मासा वीतभर होऊ दे. तो झाला की खुशाल जावा. तवर कुणी नाव काढायचं न्हाय.”

ही खाण धरणाच्या कामाच्या वेळची. दगड काढून नेले, खड्डा राहिला, त्यात पाणी साठलं ते कायमचं. मामांनी तिच्यात फुगवट्यातल्या चिलापीची एक बादली सोडली होती. सोडताना कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी साती आसरांना नवस बोलला. पाण्यातल्या देवता त्या, नव्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा. माझ्या वितीहून मोठा मासा झाला की त्याला हळदीकुंकू लावून तुमच्या पाण्यात परत सोडीन, आणि तोवर ह्या पाण्याला जाळं लागणार नाही, गळ लागणार नाही.

मामांचा शब्द मिळाला म्हणून आम्ही दोघं खूश. चिलापीची जात काय, भराभर वाढणारी. बोटाची वीत व्हायला असा किती वेळ लागणार? मी तर मनातल्या मनात खानावळीला रंगसुद्धा देऊन टाकला.

संक्रांत गेली, पाडवा गेला, पावसाळा आला आणि गेला, पुन्हा दसरा आला. बादलीभर माशांची खाणभर झाली होती. गावातली माणसं बघायला यायची आणि मामांची छाती फुगायची. “केरबाच्या खाणीत पाण्यापरीस मासा जास्ती,” असं लोक मामांचं नाव घेऊन म्हणायचे, आणि ते जवळजवळ खरंच होतं. पण बोट बोटच राहिलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्यात लहान मासा म्हणजे लेकरू. जाळ्याचा डोळा मोठा ठेवायचा, लेकरू निसटून जाईल असा, आणि चुकून आलंच तर परत पाण्यात सोडायचं. हे मी माहेरी चालायला शिकले तेव्हापासून शिकलेले. त्यामुळे खाणीत डोकावलं की सगळे एकच म्हणायचे, लेकरं आहेत, थांबा थोडं.

मी थांबत होते. चांगलीच जळफळत थांबत होते.

माघातली गोष्ट. थोरल्या जाऊबाई, गोदाबाई, आणि मी खाणीवर भांडी घासत होतो. मी कळशी बुडवली आणि वर काढली तर तिच्यात एक चिलापी आलेली. तीच, बोटाएवढी. परत ओतणार तेवढ्यात बघते तर तिच्या तोंडासमोर पाण्यात काहीतरी हलतंय. टाचणीच्या डोक्याएवढं, बारीक बारीक, झुंडीने.

“बाई, हे काय गं?” मी गोदाबाईंना बोलावलं. कळशीवर आम्ही दोघी वाकलो. आमची सावली पाण्यावर पडली मात्र, ती चिलापी आ वासून पुढं झाली आणि ती सगळी झुंड तिच्या तोंडात गडप.

“अगं बया! खाल्ली की गं समदी!” गोदाबाई ओरडल्या.

आम्ही बाजूला झालो. जरा वेळ गेला. चिलापीने तोंड उघडलं आणि ती झुंड पुन्हा बाहेर आली, तिच्या पुढंपुढं खेळायला लागली. आम्ही पुन्हा वाकलो, पुन्हा सगळी तोंडात.

“खाल्ली न्हाईत,” गोदाबाई हळूच म्हणाल्या. “लपवलीत. तिचीच पोरं हायती ती.”

चिलापी पिलं तोंडात सांभाळते हे आम्हाला नवं नव्हतं. फुगवट्यातल्या मोठ्या चिलापीच्या तोंडात अंडी आम्ही कितीदा बघितली होती. पण ती चिलापी थाळीएवढी. ही बोटाएवढी! मी कळशी खाली ठेवली आणि खाणीकडे बघितलं. मग पुन्हा कळशी बुडवली. त्यात आलेल्यांतली एक धरून तोंड उघडून बघितलं तर आत पिवळी अंडी. आणखी एक. तिच्याही तोंडात अंडी. गोदाबाईंनी कपाळावर हात मारला.

“जाऊबाई,” मी म्हटलं, “आपण ज्यांना लेकरं म्हणतोय ना, त्या आज्या हायती. पणज्यासुद्धा असतील!”

आधी आम्ही पोट धरून हसलो. मधल्या दोघी जावा धावत आल्या, त्याही हसल्या. मग माझं हसू एकदम थांबलं. ही लेकरं असती तर कधी ना कधी मोठी झाली असती. पण आज्या काय मोठ्या होणार? म्हणजे वीतभर मासा येत्या दसऱ्याला नाही, पुढच्या नाही, ह्या जन्मात नाही. माझी खानावळ त्या कळशीत बुडालेली मला दिसली आणि मला अस्सा राग आला म्हणता!

कळशी तशीच काखेत मारून मी मामांपुढे जाऊन उभी राहिले. ते ओट्यावर जाळं विणत होते. शेजारी आत्याबाई गहू निवडत होत्या. मी सगळं दाखवलं. मामांनी कळशीत वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला!

“आरं तिच्या! नातवंडं झाली म्हणायची! बघितलंस का गं, खाण कशी भरलीय ती.”

“मामा, भरलीय म्हणूनच वाढंना. एवढ्याशा पाण्यात एवढी तोंडं. एकेकीच्या वाट्याला येतंय काय? पोट भरंना, अंग धरंना, आन तेवढ्यातच पिलं घालत्यात.”

“मग पेंड कमी पडतीया. उद्यापास्नं दोन घमेली टाकतो.”

“दोन टाकली तर आणिक दुप्पट पिलं जगतील. मोठं कुणीच व्हायचं न्हाय.”

“तुला लई कळतंया.”

“लई न्हाय कळत. पर आपल्या घरात माणूस वाढलं की आपण भाकरी वाढवत न्हाय, अर्धी करून वाटतो, एवढं मला रोज दिसतंय.”

बोलून बसले आणि जीभ चावली. आत्याबाईंनी सूप तोंडासमोर धरलं. त्या हसत होत्या की घाबरल्या होत्या, देव जाणे. मामांनी जाळं खाली ठेवलं.

“माझ्या घरात कोण उपाशी निजतं, सांग.”

“कुणी न्हाय, मामा.”

“मग?”

“उपाशी कुणी न्हाय, आन पोटभर बी कुणी न्हाय.”

आता मात्र आत्याबाईंनी सूप खाली घेतलं. मामांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता बांधा बोचकं आणि जा माहेरी. पण मामा रागावले की आवाज चढवायचे नाहीत, पैज लावायचे. सगळ्या गावाला त्यांची ही खोड माहीत होती.

“बरं,” ते म्हणाले. “तुझं म्हणणं काय, गर्दी कमी केली की हीच आजी मोठी हुईल? हीच?”

“हुईल.” खरं सांगायचं तर मला अजिबात खात्री नव्हती. पण आता माघार कुठली?

“मग कर. मागं हौद रिकामा हाय. पाच मासे सोड त्यात. पाचच. येत्या नागपंचमीला माझ्या वितीएवढा एक जरी झाला, तर मी खाणीत जाळं घालतो आन तुम्ही तुमच्या वाटंनं जावा. न्हाय झाला, तर खानावळीचं नाव पुन्हा ह्या घरात कुणी काढायचं न्हाय. तू बी न्हाय, त्यानं बी न्हाय.”

“पर खाणीतला मासा काढायचा न्हाय, नवस हाय ना?” हे मीच विचारलं. मूर्खपणाच माझा.

“जाळ्याचं आन गळाचं बोलला हुता त्यो,” आत्याबाई गव्हातून मान वर न काढता म्हणाल्या. “कळशीचं काय बोलल्याचं मला आठवत न्हाय.”

झालं. पाच चिलाप्या हौदात गेल्या. हौद धरणाच्या कामावरचा, सिमेंटचा, चांगला ऐसपैस. मालकांना संध्याकाळी हे कळलं तेव्हा त्यांनी मला नावेत बसवून मध्यावर नेलं आणि असे बोलले, असे बोलले की बगळे उडाले.

“तुला कुणी सांगितलं पैज घ्यायला? दोन-चार वर्सं थांबलो असतो तर माझ्या आबाचं मन वळलं असतं. आता कायमचंच दार लावलंस!”

“आन मासा वाढला तर?”

“फुगवट्यात जलमलो मी. खुरटलेला मासा वाढलेला मी कधी बघितला न्हाय.”

“खुरटलेल्याला जागा दिलेली तरी कधी बघितलीय का तुम्ही?”

ह्यावर त्यांनी वल्ही उचलली आणि आम्ही घरी आलो.

शिमगा झाला. ऊन वाढलं. मी रोज हौदात एक चिमूट पेंड आणि भाताची खरवड टाकायची आणि कठड्यावर हनुवटी टेकून बघत बसायची. सैपाक करपला तरी मला पत्ता नसायचा. पंधरवडा गेला, काही नाही. चैत्रात मला वाटलं, जरा जाड झाल्यात. मालक म्हणाले, तुझे डोळे जाड झालेत. पण वैशाखात तेही माझ्या शेजारी येऊन कठड्यावर हनुवटी टेकायला लागले. चिलाप्या चार बोटं रुंद झाल्या होत्या. पाठीवर काळी चमक आली होती. खाणीतल्या पोरी तशाच, बोटाएवढ्या, आणि इथं ह्या बाया डौलात फिरत होत्या. आमच्या दोघांचं आता नावेत जाणंसुद्धा कमी झालं. भांडायला विषयच उरला नव्हता.

आणि मग मृगाच्या आसपास एक दिवस मी सकाळी हौदावर गेले तर पाण्यात खळबळ. माझ्या पाच बायांच्या भोवती पंचवीस-तीस बोटं सळसळतायत! पेंड टाकली तर माझ्या बायांच्या तोंडाला कणसुद्धा लागेना.

मी जी किंकाळी मारली ती ऐकून सगळं घर मागच्या दाराला जमलं. “कुणी केलं हे? बोला! कुणी केलं?”

मला वाटलं मामांनीच. पण मामांचा चेहरा माझ्याइतकाच बावचळलेला. तेवढ्यात गोदाबाई पुढं आल्या. त्यांच्या हातात अजून ओली कळशी होती.

“मीच सोडली, बाई. पाचच हुती गं बिचारी. एवढ्या मोठ्या हौदात एकटी एकटी फिरताना बघवंना मला. त्यांस्नी करमत नसंल.”

“करमत नसंल? माशांना?”

“कुणाला एकट्यानं जेवण जातं व्हय?”

मी भडाभडा बोलत सुटले. काय काय बोलले ते आज लिहायची लाज वाटते, पण बोलले. गोदाबाई कळशी निथळत उभ्या. माझा दम संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “तू गेलीस की माझ्याशी एवढं भांडणार तरी कोण?” आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या.

आता काय करायचं सांगा? माझी खानावळ बुडवणारी बाई, आणि मी तिच्या गळ्यात पडून तिच्याहून मोठ्याने रडत होते. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरीसुद्धा गोल येत नव्हती. ह्याच बाईने माझ्या वाकड्या भाकऱ्या स्वतःच्या ताटात घेतल्या आणि चांगल्या माझ्या ताटात सारल्या. ते काय विसरते मी? रडून झाल्यावर आम्ही दोघींनीच हौदाला जुनं लुगडं लावलं आणि ती बोटं गाळून काढली, एकूण एक. कळशीत भरून गोदाबाईंनी ती स्वतःच्या हाताने खाणीत नेऊन सोडली. “जा बायांनो, तिकडं तुमच्या माणसांत,” असं म्हणत. वेड्याच आहेत त्या.

नागपंचमी आली. वारुळाला जाऊन आल्यावर मामा नवं धोतर नेसून हौदाकडे निघाले आणि त्यांच्यामागे सगळं घर. मालक हौदात उतरले. मोठी चिलापी त्यांच्या हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी तिला छातीशी धरली आणि ओल्या पोत्यावर ठेवली. मामांनी तिच्यावर हात पसरला. त्यांची वीत म्हणजे काय सांगू, गावात कुणाची तेवढी नव्हती. भोपळा एका हाताने उचलायचे ते.

अंगठा तोंडाशी टेकला. करंगळी शेपटीशी गेली. शेपटी करंगळीच्या पुढं उरली होती.

“शेपूट धरायचं न्हाय,” मधले दीर म्हणाले.

“गप रं,” आत्याबाई त्यांच्यावर खेकसल्या. “मासा म्हंजी शेपटासकट. बिनशेपटाचा मासा धरलाईस का कधी?”

सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी मालकांना चिलापी परत हौदात सोडायला लावली आणि खाणीवरून एक कळशी भरून आणायला सांगितलं. कळशीतली एक बोटाएवढी चिलापी त्यांनी तळहातावर घेतली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा हौदाकडे.

“ही आन ती, एकाच वयाच्या?”

“व्हय, मामा.”

“म्हंजी पेंड कमी न्हवती.”

“न्हाय.”

तळहातावरची चिलापी तडफडायला लागली तसं त्यांनी तिला कळशीत टाकलं. मग ते हौदाच्या कठड्यावर बसले. इतरांना हाताने जायला खुणावलं. मीही निघाले तर म्हणाले, “तू थांब.”

मी थांबले. कळशी पायाशी ओढून मामा बोलायला लागले.

“धरण आलं तवा आमची जुनी वस्ती खाली हुती, आता जिथं बारा पुरुस पाणी हाय तिथं. वस्ती भरून आमचीच माणसं. चुलते, आत्या, भाऊबंद, समदी एका हाकेवर. मग ट्रक यायला लागले. एक ट्रक एका गावाला, एक दुसऱ्याच. मी रोज हुबा राहायचो आन हात हलवायचो. आज ह्यांना, उद्या त्यांना. शेवटाला हात हलवायला समोर कुणी ऱ्हायलं न्हाय. तवा ठरवलं, आता आपल्या दारातनं माणूस जाऊ द्यायचं न्हाय. जेवढी येतील तेवढी येऊ देत, जाणार कुणी न्हाय.” त्यांनी कळशीत बघितलं. “मला वाटलं, भरलं म्हंजी चांगलं झालं.”

मी जिंकले होते. पण मला काही आनंद बिनंद झाला नाही. ह्या माणसाला मी दोन वर्षं हट्टी म्हातारा समजत होते.

“मामा,” मी म्हटलं, “आम्ही तासाभराच्या वाटंवर चाललोय. दर बाजाराला येऊ.”

“ठावं हाय मला.”

“तुम्ही न्हाय म्हणा, आम्ही न्हाय जात.” हे मी कसं बोलले मला माहीत नाही. मालकांनी ऐकलं असतं तर नावेतून ढकलूनच दिलं असतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. “येडी हायस का? हरलो मी. हरल्याचं देऊ नको का?”

त्याच दिवशी मोठ्या चिलापीला हळदीकुंकू लावून त्यांनी तिला खाणीत सोडलं, आसरांचं त्यांना देऊन टाकलं. दुसऱ्या सकाळी चारी भावांनी खाणीत जाळं घातलं, बारीक डोळ्याचं, मागून आणलेलं, कारण आमच्या घरात तसलं नव्हतंच. ओढताना चौघांचे हात भरून आले. पाच-सहा वेळा ओढलं. काठावर मासळीचा ढीग पडला, आम्ही बायकांनी ती दोन दिवस वाळत घातली आणि गावोगावच्या भावकीत वाटली. मामा जाळ्याला हात लावायला आले नाहीत, पण काठावरून सांगत होते, “आणिक काढा. अजून लई हायती. राहतील त्यांना जागा व्हऊ दे.” नंतर त्यांनीच फुगवट्यातून दोन मरळी आणून खाणीत सोडल्या. मरळ पिलांवर ताव मारते, गर्दी होऊ देत नाही. पुढल्या वर्षापासून आमच्या खानावळीला खाणीतलीच चिलापी यायची, ताटाच्या दोन्ही कडांना टेकणारी.

गौरी-गणपती झाल्यावर आम्ही निघालो. सामान काय, एक ट्रंक, दोन पातेली, अंथरूण आणि गोदाबाईंनी दिलेला पाटा-वरवंटा. टेम्पो दारात उभा होता. पोरं टेम्पोवर चढून उतरत होती. गोदाबाई मला सूचना देत होत्या आणि मध्येमध्ये नाक पुसत होत्या. मी सगळ्यांच्या पाया पडले आणि शेवटी मामांपुढे वाकले.

त्या घरातल्या प्रत्येक सुनेला, सणावाराला, लग्नाकार्याला, पाया पडली की मामांचा एकच आशीर्वाद असायचा. “घर भरू दे.” आम्हा चौघी जावांना तो पाठ होता. मी वाकून तोच ऐकायची वाट बघत होते.

डोक्यावर हात पडला. तो मोठा हात, माझं सगळं डोकं त्याच्याखाली झाकून जायचं.

“मोठी हो,” मामा म्हणाले.

मी उभी राहिले ती तशीच. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. आजही कधी विषय निघाला की माझ्या जावा सांगतात, ही बाई त्या घरात गप्प बसलेली आम्ही एकदाच बघितली.